टप उतरवलेल्या गाड्यांचं कूळ

घरच्या गॅरेजमध्ये जुनी स्ट्रीट रॉड, म्हणजे कापून-जोडून घरी बदललेली जुनी गाडी, पुन्हा उभी करायला घेतली, की पहिला पेच पडतो तो वर्षाचा. हिला परत न्यायचं तरी कोणत्या सालात? एरवी विंटेज गाडीवाल्याला कंपनीचं माहितीपुस्तक उघडता येतं. इथे ते फारसं कामाचं नाही, कारण कारखान्यातून आलेली गाडी कुणीतरी कापली तेव्हाच ही जन्माला आली.

हे कूळ दक्षिण कॅलिफोर्नियाचं. लॉस एंजेलिसच्या पलीकडे वाळवंटात म्युरॉकसारखे कोरडे तलाव आहेत, तळ मैलोन् मैल सपाट आणि कडक. तरुण पोरं जुन्या फोर्ड घेऊन तिथे वेग अजमावायची. वजन उतरावं म्हणून मडगार्ड, बॉनेट, काच, जे निघेल ते काढून ठेवायची. १९३७ साली तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन वेग मोजण्यासाठी स्वतःची संघटनाही काढली.

या घराण्याची मूळ गाडी म्हणजे १९३२ची फोर्ड. व्ही-८ इंजिन तोवर मुख्यतः महागड्या गाड्यांत असायचं. हेन्री फोर्डने त्याचा ब्लॉक एकाच ओतकामात काढून ते पाचशे डॉलरांच्या आतल्या रोडस्टरला बसवलं. ताकद ६५ अश्वशक्ती. जळका वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडत असल्याने ते तापायचं फार, पण भंगारात स्वस्त मिळायचं आणि घरी खोलता यायचं. ब्रेक मात्र सळ्यांचे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९च्या मॉडेलपासून, म्हणून पोरांनी ते उचलून ३२च्या गाडीला लावले. एकाच गाडीत दोन-तीन सालं नांदतात ती अशी, आणि मला या गाड्यांचं सगळ्यात मोठं वैभव तेच वाटतं.

महायुद्धानंतर हा नाद देशभर पसरला. १९४८ साली ‘हॉट रॉड’ मासिक निघालं. पुढे १९६०च्या दशकात कंपन्याच शोरूममधून दांडग्या वेगाच्या गाड्या विकू लागल्या आणि घरी बनवलेल्या गाडीचं शर्यतीतलं कारण संपत आलं. ती रस्त्यावर हौसेनं फिरवायची झाली. १९७० साली इलिनॉयमधल्या पिओरियाला स्ट्रीट रॉडवाल्यांचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. १९४८पर्यंतची गाडी ती स्ट्रीट रॉड, ही हद्द पुढे बराच काळ टिकली.

अशा गाडीच्या रंगाखाली तिची ही सगळी सालं दडलेली असतात, म्हणून रंग खरवडताना घाई नको. आधी पत्र्यावर लोहचुंबक फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबी तरी असते किंवा शिसं. टप कापून खाली उतरवला की सांध्यांवर शिशाची झाळ ओतून ती लाकडी थापीने बसवत. ती कानशीनेच घासायची, सँडरने नाही. शिशाची धूळ विषारी. सडलेली पट्टी बदलताना वेल्डिंगचे टाके लांब लांब मारायचे, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. सलग ओळ ओढली की पत्रा लाटांसारखा उठतो.

आज ३२च्या फोर्डची बॉडी पोलादात किंवा फायबरग्लासमध्ये नवीकोरी मिळते. सत्तर वर्षांपूर्वी कुणी हाताने उतरवलेला टप तसा मिळत नाही. तो थोडा तिरका असला तरी मी सरळ करणार नाही. गंज काढेन, सांधा भक्कम करेन आणि त्याच तिरक्या चौकटीच्या मापाने काच कापून घेईन.