चार्ल्स शोभराज

चार्ल्स शोभराज (जन्म: ६ एप्रिल १९४४, सायगाव) हा भारतीय-व्हिएतनामी वंशाचा फ्रेंच गुन्हेगार आहे. १९७०च्या दशकात आशियात भटकंतीसाठी आलेल्या पाश्चात्त्य तरुणांना गुंगीचे औषध देऊन लुटणे व ठार मारणे, या प्रकारच्या गुन्ह्यांसाठी तो कुप्रसिद्ध झाला. किमान १२ खून त्याने केले असावेत असा तपास अधिकाऱ्यांचा संशय आहे. खुनाचे आरोप सिद्ध होऊन जन्मठेप झाली ती मात्र नेपाळमध्ये, तीही गुन्ह्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी.

प्रारंभिक जीवन

शोभराजचे वडील सिंधी व आई व्हिएतनामी. पुढे आईने एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याशी संसार थाटला आणि मुलाचे बालपण व्हिएतनाम व फ्रान्स यांच्यात विभागले गेले. १९६३ मध्ये घरफोडीबद्दल त्याला पॅरिसजवळील प्वासी तुरुंगात पहिली शिक्षा झाली. १९७० मध्ये तो मुंबईत आला व चोरीच्या मोटारींच्या व्यवहारात शिरला. दिल्लीच्या अशोका हॉटेलमधील जवाहिऱ्याच्या दुकानावर दरोडा घातल्यानंतर १९७१ मध्ये मुंबई पोलिसांचे अधिकारी मधुकर झेंडे यांनी त्याला प्रथम अटक केली. आजारपणाचे सोंग करून तो पहाऱ्यातून निसटला.

बँकॉक व काठमांडू

१९७५ मध्ये तो बँकॉकमध्ये रत्नांचा व्यापारी म्हणून वावरत होता. कॅनडाची मारी-आंद्रे लक्लेर व अजय चौधरी हे त्याचे साथीदार. प्रवाशांना घरी उतरवून घ्यायचे, औषधाने आजारी पाडायचे आणि शुश्रूषेच्या मिषाने त्यांची पारपत्रे व पैसे ताब्यात घ्यायचे, अशी त्याची रीत होती. मृतांपैकी एका तरुणीच्या अंगावर पोहण्याचा पोशाख आढळल्यामुळे वृत्तपत्रांनी त्याला 'बिकिनी किलर' हे नाव दिले. ते दिशाभूल करणारे आहे, कारण बळींमध्ये पुरुषही होते.

बेपत्ता झालेल्या एका डच जोडप्याचा शोध घेताना बँकॉकमधील नेदरलँड्सच्या दूतावासातील कनिष्ठ अधिकारी हरमन क्निपेनबर्ग शोभराजपर्यंत पोहोचले. थायलंडच्या पोलिसांनी १९७६ मध्ये चौकशी करून त्याला सोडून दिले होते. क्निपेनबर्ग यांनी जमवलेली कागदपत्रे मात्र जपून ठेवली.

तिहार कारागृह

जुलै १९७६ मध्ये दिल्लीतील एका हॉटेलात फ्रेंच विद्यार्थ्यांच्या गटाला औषध देण्याचा त्याचा बेत फसला व तो पकडला गेला. तिहारमध्ये त्याच्या पायांत घातलेल्या दांडाबेड्यांविरुद्ध त्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सुनील बत्रा याच्या याचिकेसोबत १९७८ मध्ये तिचा निकाल लागला. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचा सहभाग असलेला हा निकाल भारतातील कैद्यांच्या हक्कांसंदर्भात आजही अभ्यासला जातो.

१६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाच्या निमित्ताने पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध मिसळलेली मिठाई वाटून तो काही कैद्यांसह पळाला. योगायोग असा की, खऱ्या वाढदिवशी, ६ एप्रिलला, गोव्यातील पर्वरी येथील 'ओ कोकेरो' उपाहारगृहात झेंडे यांनी त्याला दुसऱ्यांदा पकडले. त्याची शिक्षा संपत आली असताना हे पलायन घडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सुटका होताच त्याचे थायलंडला प्रत्यार्पण होण्याची शक्यता होती आणि तेथे खुनासाठी मृत्युदंड होता. थायलंडच्या वॉरंटची मुदत २० वर्षांची होती. पलायनामुळे शिक्षा वाढली आणि १७ फेब्रुवारी १९९७ रोजी तो सुटला तेव्हा ती मुदत उलटून गेली होती. बँकॉकमधील खुनांचा खटला कधीच उभा राहिला नाही.

नेपाळमधील खटला

फ्रान्समध्ये परतल्यावर तो मुलाखतींसाठी मोबदला घेऊ लागला. २००३ मध्ये तो काठमांडूत दिसल्याचे एका स्थानिक पत्रकाराने उघड केले आणि १९ सप्टेंबर रोजी 'याक अँड यती' हॉटेलच्या कॅसिनोत त्याला अटक झाली. डिसेंबर १९७५ मध्ये काठमांडूजवळ एक अमेरिकन तरुणी व तिचा कॅनेडियन सोबती यांचे जाळलेले मृतदेह सापडले होते. आपण त्या काळी नेपाळमध्ये आलोच नव्हतो, असा शोभराजचा बचाव होता. मृत डच तरुणाच्या पारपत्रावर तो नेपाळमध्ये शिरल्याचे क्निपेनबर्ग यांच्या कागदपत्रांतून पुढे आले. २००४ मध्ये तरुणीच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली, २०१० मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दुसऱ्या खुनाबद्दल भक्तपूर न्यायालयाने २०१४ मध्ये त्याला दोषी ठरवले.

वयोमानाच्या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या सुटकेचा आदेश दिला. २३ डिसेंबर रोजी त्याची फ्रान्सला रवानगी करण्यात आली.

लोकप्रिय माध्यमांत

'मैं और चार्ल्स' (२०१५) हा हिंदी चित्रपट व 'द सर्पंट' (२०२१) ही मालिका त्याच्यावर आधारित आहे. दुसरीत क्निपेनबर्ग यांच्या तपासाला मध्यवर्ती स्थान आहे. चिन्मय मांडलेकर दिग्दर्शित 'इन्स्पेक्टर झेंडे' (२०२५) या चित्रपटात मनोज बाजपेयी यांनी झेंडे यांची भूमिका केली.