कोकणातली जाळी आणि डॉल्फिन

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोकणातल्या मासेमारीच्या जाळ्यांचा धागा शेतातून आणि झाडांवरून येत असे. जाळ्यासाठी ताग आणि सूत, दोरासाठी काथ्या, तरंगण्यासाठी हलक्या लाकडाचे तुकडे आणि बुडवण्यासाठी दगड, एवढाच सरंजाम. हा धागा खाऱ्या पाण्यात लवकर कुजे. म्हणून ऐनासारख्या झाडांची साल उकळून तिच्या काढ्यात जाळी मुरवत. सालीतल्या टॅनिनमुळे धाग्याचे आयुष्य वाढे, पण हा उपाय पुन्हापुन्हा करावा लागे. समुद्रावरून आलेले जाळे धुऊन उन्हात वाळवणे हे रोजचे काम होते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंतचे दिवस जाळी तुणण्यात आणि नवी विणण्यात जात. घरातल्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले सगळ्यांचाच या कामाला हात लागे.

या जाळ्यांची रचनाही ती सहसा हरवणार नाहीत अशीच होती. डोल हे पिशवीसारखे निमुळते जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाने त्याचे तोंड उघडे राहते आणि बोंबील, जवळा आत शिरतो. मालवण आणि गोव्याच्या बाजूची रापण किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात टाकतात आणि दोन्ही टोके वाळूवरून ओढून घेतात. तिला बरीच माणसे लागतात आणि मासळीचे वाटेही सर्वांत होतात. अशा जाळ्यांतही डॉल्फिन कधीमधी सापडत असणार, कारण हम्पबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच वावरतो. पण एखादे जाळे तुटून वाहून गेलेच, तर ते काही महिन्यांत कुजून निकामी होई. धागा नाशवंत असल्यामुळे माणसाला जाळे जपावे लागे, आणि हरवलेल्या जाळ्यापासून समुद्राचा बचावही त्याच नाशवंतपणामुळे होई.

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा धागा जगभरच्या मासेमारीत शिरला. स्वातंत्र्यानंतर भारतात होड्यांना इंजिने बसू लागली आणि कृत्रिम धाग्याची जाळीही त्याच सुमारास पसरली. या बदलाला शास्त्रीय आधार देण्यात १९५७ मध्ये कोचीत स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. नायलॉन कुजत नाही, त्याला साल लागत नाही, रोज वाळवावे लागत नाही. ते हलके असते आणि बारीक असूनही मजबूत असते, त्यामुळे माशाला सहज दिसत नाही. मच्छीमारांनी ते स्वीकारले यात आश्चर्य नाही. ज्या धाग्याने कष्ट निम्म्यावर आणले आणि मासळी वाढवली, तो नाकारायला कोणतेही कारण नव्हते.

पुढे एकपदरी पारदर्शक धाग्याची स्वस्त जाळी आली आणि दुरुस्तीची सवय मागे पडू लागली. बारीक मोनोफिलामेंट तुणत बसण्यापेक्षा नवे जाळे घेणे परवडते. शिवाय जाळी हरवण्याची कारणेही वाढली. सुरमई, पापलेटसाठी पाण्यात पडद्यासारखी सोडलेली लांबलचक गिलनेट ट्रॉलरच्या ओढजाळ्याखाली येऊन तुटू लागली. पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांमधला हा झगडा १९७०च्या दशकात गोव्यातल्या रापणकारांच्या आंदोलनाने देशापुढे आला. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, तर महाराष्ट्राचा १९८१ चा. किनाऱ्याजवळचा पट्टा छोट्या मच्छीमारांसाठी राखणे हा या कायद्यांचा एक मुख्य हेतू होता. डॉल्फिनचा विचार त्यांत नव्हता, पण ट्रॉलर दूर राहिले तर जाळी कमी तुटतात, एवढा लाभ त्यातून होऊ शकतो. वादळ, खडकाळ तळ आणि जहाजांचे पंखे ही जाळी हरवण्याची आणखी काही कारणे.

सुटलेले जाळे मासे पकडत राहते. अडकलेल्या माशांच्या मागे मोठे प्राणी येतात आणि तेही अडकतात. ओझे वाढले की जाळे खाली बसते, आतले कुजून हलके झाले की काही जाळी पुन्हा वर येतात. डॉल्फिनला यात दोन अडचणी आहेत. तो आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो, पण बारीक नायलॉनचा प्रतिध्वनी फारच क्षीण असतो. आणि तो फुप्फुसाने श्वास घेतो, त्यामुळे पाण्याखाली अडकला की काही मिनिटांत गुदमरतो. सुटला तरी शेपटीला किंवा परांना गुंडाळलेला धागा मांसात रुतत जातो. मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन पिल्लांमध्ये सहसा काही वर्षांचे अंतर असते. त्यामुळे थोडे मृत्यूही कळपाला भारी पडतात. कोकणात दिसणारा हम्पबॅक डॉल्फिन आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त आहे, आणि पाठीवर पर नसलेला छोटा पॉरपॉइज असुरक्षित गटात मोडतो.

जगाचे लक्ष या प्रश्नाकडे गेले ते १९८०च्या दशकात. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्य समितीत हरवलेल्या जाळ्यांचा विषय आला. जहाजांवरून प्लॅस्टिक आणि कृत्रिम जाळी समुद्रात टाकण्यास बंदी करणारे मारपोल कराराचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू झाले. त्या काळात पॅसिफिकमध्ये कित्येक किलोमीटर लांबीची तरती जाळी सोडली जात. १९९१ च्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांनी खुल्या समुद्रात ती १९९२ अखेर थांबवण्यास सांगितले. हिंदी महासागरात मात्र ट्यूनासाठीची गिलनेट चालूच राहिली. १९५० ते २०१८ या काळात त्यांत सुमारे ४१ लाख छोटे डॉल्फिनवर्गीय प्राणी सापडले असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. हा आकडा वापरातल्या जाळ्यांचा आहे. टाकून दिलेल्या जाळ्यांबद्दल वर्षाला ६ लाख ४० हजार टन हा आकडा सर्रास सांगितला जातो, पण तो २००९ च्या एका अहवालातल्या ढोबळ हिशोबातून आला आहे. समुद्रातल्या एकूण कचऱ्याच्या अंदाजातून दहा टक्क्यांहून कमी हिस्सा जाळ्यांचा धरून तो काढला होता. प्रत्यक्ष मोजणी म्हणून तो वापरू नये.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला संरक्षण मिळाले. पण जाळ्यात जिवंत डॉल्फिन सापडला तर त्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागते, आणि ते नुकसान त्या मच्छीमाराच्याच माथी येते. डॉल्फिन मेलेला सापडला तर गुन्ह्याच्या भीतीने गुपचूप समुद्रात सोडून दिला जाण्याची शक्यता असते. शिक्षेच्या धाकापेक्षा भरपाई अधिक उपयोगी पडते हे आधी गुजरातेत दिसले. २००१ मध्ये संरक्षित झालेल्या देवमुशीसाठी तिथे २००४ मध्ये मोहीम सुरू झाली. पुढे कापलेल्या जाळ्यांची भरपाई मिळू लागली, आणि सौराष्ट्राच्या मच्छीमारांनी शेकडो देवमुशी सोडल्या. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये अशीच योजना आणली. डॉल्फिन, कासव, देवमुशी अशा संरक्षित प्राण्याला जाळे कापून सोडले आणि त्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत सादर केली, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्य विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष मिळून ही योजना राबवतात. कोकणच्या किनाऱ्यावर डॉल्फिनसाठी झालेल्या कामांत हे सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल, कारण इथे मच्छीमाराला आरोपी न मानता रक्षक मानले आहे.

तरीही योजनेचा उपयोग जाळे मालकाच्या हातात असेपर्यंतच. सुटलेल्या जाळ्यांसाठी वेगळे उपाय लागतात. केरळात २०१७ पासून शुचित्व सागरम उपक्रमात मच्छीमार जाळ्यात आलेले प्लॅस्टिक बंदरावर परत आणू लागले. दक्षिण कोरियात समुद्रात विघटन होणाऱ्या धाग्याची जाळी सरकारी अनुदानाने वापरात आणली गेली. अशा जाळ्यांत मासळी कमी लागते ही तक्रार काही ठिकाणी आहे, आणि किंमतही जास्त आहे, म्हणून अनुदानाशिवाय ती टिकणे अवघड. प्रत्येक जाळ्यावर मालकाची खूण असावी यासाठी अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. खूण असली तर सापडलेले जाळे परत करता येते, आणि जाणूनबुजून टाकले असेल तर तेही कळते.

केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये किनाऱ्याला लागलेल्या मोठ्या सागरी प्राण्यांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. जाळ्यात अडकलेल्या प्राण्यांना कसे हाताळायचे हेही त्यांत आहे. मृत डॉल्फिनच्या अंगावरचे व्रण आणि गुंतलेल्या धाग्याची जाडी नोंदवली, तर तो कोणत्या प्रकारच्या जाळ्यात सापडला याचा माग काढता येतो.