पार्क, जंगल आणि पर्यटन व्यवस्थापनाची पदवी: यात नेमकं शिकवतात काय?

नागपूरहून वर्ध्याला जाताना वाटेत केळझर लागतं. सेलू तालुक्यातल्या या गावचा सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. भीमानं बकासुराला मारलं ती एकचक्रानगरी हीच, असंही गावात सांगितलं जातं. चतुर्थीला इथं भाविकांची रीघ लागते. याच तालुक्यात बोर धरण आणि बोर व्याघ्र प्रकल्प आहे, तर वर्ध्याकडे पुढे गेलं की पवनार आणि सेवाग्राम. देव, वाघ, धरण आणि आश्रम, सगळं एका दिवसाच्या सहलीत बसतं.

पण या जागांवर एका दिवशी किती माणसं यावीत? गाड्या कुठं थांबाव्यात, कोणती वाट बंद ठेवावी, येणाऱ्या पैशातलं गावाच्या हाती काय उरावं? असे प्रश्न सोडवायला शिकवणारी एक स्वतंत्र विद्याशाखा आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट या विद्यापीठांत तिचं नाव ‘पार्क्स, रिक्रिएशन अँड टुरिझम मॅनेजमेंट’ असं आहे. आपल्याकडे हे नाव ऐकलं की लोकांना ट्रॅव्हल एजन्सी आठवते. तिकिटं आणि हॉटेलं यांच्याशी या विषयाचा संबंध आहे, पण थोडाच. मुख्य काम आहे मोकळ्या जागेत आलेल्या माणसांचं नियोजन.

कुरणातून आलेली कल्पना

अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९१६ मध्ये अशा उद्यानांसाठी वेगळं सरकारी खातं. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांकडे मोटारी आल्या, सुट्ट्या आल्या आणि उद्यानं माणसांनी भरून गेली. तेव्हा अभ्यासकांनी पशुपालनातला एक शब्द उचलला: धारणक्षमता. एका कुरणावर किती गुरं चरली तर गवत पुन्हा उगवेल, हा त्याचा मूळ अर्थ. कुठल्याही गुराख्याला हे गणित तोंडपाठ असतं. १९६४ मध्ये जे. अॅलन वॅगर यांनी ते जंगलात फिरायला येणाऱ्यांना लावून पाहिलं.

अडचण अशी की माणसं गुरांसारखी वागत नाहीत. दहा जणांचा एक गोंगाट करणारा गट शंभर शांत पर्यटकांपेक्षा जास्त नुकसान करू शकतो. म्हणून १९८५ च्या सुमारास प्रश्नच बदलला. ‘किती माणसं चालतील?’ याऐवजी ‘किती बदल आपण चालवून घेणार?’ असं विचारलं जाऊ लागलं. वाटेची धूप किती, कचरा किती, प्राणी बिचकण्याचं प्रमाण किती, हे आधी ठरवायचं, मग नियमितपणे मोजत राहायचं. या विषयाचं बरंचसं शिक्षण या मोजमापाभोवती फिरतं.

भारतात हे गणित न्यायालयामार्गे आलं

जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरायचा आणि प्रत्येक प्रकल्पानं आपली धारणक्षमता काढायची, असं त्यात ठरलं.

ती काढतात कशी? समजा, पर्यटन क्षेत्रात ४० किलोमीटर रस्ता आहे आणि दोन गाड्यांमध्ये ५०० मीटर अंतर हवं. म्हणजे एका वेळी ८० गाड्या. सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या धरल्या तर १६०. ही झाली कागदावरची क्षमता. धुपीमुळे किंवा प्राण्यांच्या वावरामुळे पाव भाग रस्ता बंद ठेवावा लागला, तर उरल्या १२०. कर्मचारी गरजेच्या निम्मेच असतील तर ६०. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, बोरचे नाहीत. पण यातली गोम महत्त्वाची आहे: प्रवेशाचा अंतिम आकडा वाघांच्या संख्येइतकाच वनरक्षकांच्या संख्येवरही अवलंबून असतो.

बोरला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचं गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहानांपैकी एक. २० टक्क्यांच्या मर्यादेनं पर्यटनाला साडेसत्तावीस चौरस किलोमीटरच मिळू शकतात. आणि एवढ्याशा जंगलात वाघ मावत नाही. बोरचा प्रसिद्ध ‘बाजीराव’ वाघ डिसेंबर २०१७ मध्ये बाजारगावजवळ महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला. त्यामुळे इथं पर्यटनाचा आराखडा करणाऱ्याला जंगलाबाहेरचे रस्ते, रिसॉर्ट आणि शेतंही बघावी लागतात.

शिकायचं कुठं?

भारतात हा विषय तुकड्यातुकड्यांत विखुरलेला आहे. पर्यटनाची बाजू ग्वाल्हेरच्या भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेत. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रीय संस्थेत टुरिझममधलं बीबीए आणि एमबीए करता येतं. तिचंच जलक्रीडा केंद्र गोव्यात आहे. जंगलाची बाजू अकोला आणि दापोलीच्या वनविद्या महाविद्यालयांत, कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत. वन्यजीव विज्ञानातलं एमएससी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत, पण जागा मोजक्याच. गिर्यारोहणाचं प्रशिक्षण उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेत. एकाच छताखाली हे सगळं हवं असेल तर परदेशाचा रस्ता, आणि तो महाग आहे.

इथं अनेक विद्यार्थ्यांची फसगत होते. टुरिझमची पदवी घेतली म्हणजे वन विभागात जाता येईल, असा समज असतो. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक ही पदं एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेतून भरली जातात आणि तिथं विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी अशा ठरावीक शाखांची पदवी लागते. वनरक्षकाची भरती वेगळी. ज्याला वर्दीची नोकरी हवी त्यानं बीएस्सी फॉरेस्ट्रीचा विचार आधी करावा. टुरिझमच्या पदवीनं रिसॉर्ट, सहल कंपन्या, साहसी पर्यटन, सल्लागार संस्था अशी दारं उघडतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आणि साहसी पर्यटनाचं २०२१ मध्ये आलं, त्यामुळे स्वतःचा व्यवसाय नोंदवून करण्याची वाटही आहे.

केळझर-हिंगणी पट्ट्यातल्या तरुणाला मात्र पदवीआधीच एक सोय आहे. व्याघ्र प्रकल्पांत मार्गदर्शक म्हणून स्थानिकांना घ्यावं, असं त्याच २०१२ च्या तत्त्वांत सांगितलेलं आहे. फी भरण्यापूर्वी एक-दोन हंगाम सफारीच्या फाटकावर काम केलं, तर आपल्याला प्राण्यांत रस आहे, माणसांत की हिशेबात, हे कळतं. कोणता अभ्यासक्रम निवडायचा हे त्यावरच ठरतं.