अर्जावरची एक ओळ

गोपाळराव जोशी यांचं नाव आपण घेतो ते आनंदीबाईंचे पती म्हणून. त्यांनी स्वतःसाठीही अमेरिकेत नोकरी मागितली होती, हे सहसा लक्षात राहत नाही. पोस्टात काम करणाऱ्या गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला कोल्हापुरातून पत्र लिहिलं. वाइल्डर कोल्हापुरात बरीच वर्षं काढून मायदेशी परतले होते. पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आहे, आणि तिथे आपल्याजोगं काही काम मिळेल का, अशी ती दुहेरी विचारणा होती. ख्रिस्ती होत असाल तर मदत करू, अशा अर्थाचं उत्तर आलं. वाइल्डरनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात तो आला आणि १८८३ साली आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. हा पुढचा भाग सर्वांना माहीत आहे.

मला या कथेतली नोकरीची विचारणा महत्त्वाची वाटते. तिच्यात व्हिसाचा उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं, कारण तेव्हा हिंदुस्थानातून अमेरिकेत जायला व्हिसा लागत नव्हता. तरीही, ‘तुम्हाला काय येतं?’ याच्या आधी, ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न उभा राहिलाच. त्या वेळी तो धर्माचा होता. पुढे तो वंशाचा झाला, आणि आज तो कागदपत्रांचा आहे.

या प्रश्नाच्या मागे लागायला निमित्त झालं माझ्या भाचीचं. अमेरिकेत एम. एस. करून ती नोकरीसाठी अर्ज करत होती. एका रात्री तिचा फोन आला. “मावशी, बायोडेटावर व्हिसाचं लिहू की नको? मैत्रिणी म्हणतात, लिहिलंस तर कुणी बोलावणारच नाही. आणि फॉर्ममध्ये दोन प्रश्न आहेत. काम करायची कायदेशीर परवानगी आहे का? आणि आता किंवा पुढे कधी कंपनीने व्हिसासाठी प्रायोजक होण्याची गरज पडेल का? पहिल्याला हो. दुसऱ्याला काय म्हणू?”

मी तेव्हा पटकन काही बोलले नाही. तिला कारण सांगितलं नाही, पण ते होतं. त्याच पेचात मी १९९९ साली होते आणि गप्प बसण्याची चूक केली होती. ती हकिकत पुढे येईलच. आधी हा प्रश्न अर्जावर आला कुठून, ते पाहू.

आनंदीबाई अमेरिकेत शिकत असतानाच, फेब्रुवारी १८८५मध्ये, तिथे एक कायदा झाला. करार करून परदेशातून मजूर आणायला त्याने बंदी घातली. ठेकेदार युरोपातून स्वस्तातली माणसं बोटभाडं भरून आणतात, संप फोडायला वापरतात, अशी तिथल्या कामगार संघटनांची तक्रार होती. नट, गायक, व्याख्याते, घरगुती नोकर अशा थोड्यांना सूट मिळाली. बाकी कुणाशीही आगाऊ करार केला, तर मालकाला दर माणशी १ हजार डॉलर दंड. गंमत म्हणजे या कायद्यात पहिल्यांदा ठळकपणे अडकलं ते एक चर्च. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने इंग्लंडहून वॉलपोल वॉरन हे धर्मोपदेशक करार करून आणले. सरकारने खटला भरला. कायद्याचा रोख अंगमेहनतीच्या मजुरांवर होता, धर्मोपदेशकावर नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली म्हटलं, तेव्हा चर्चची सुटका झाली.

त्यानंतरच्या काळात बोटीवरच्या प्रत्येक उतारूबद्दल जी माहिती लिहून द्यावी लागे, तिच्यात एक प्रश्न असे : अमेरिकेत काम करण्याचा काही करार झाला आहे का? याचं सुरक्षित उत्तर ‘नाही’ हे होतं. नोकरी ठरवून आलो, असं अभिमानाने सांगणारा माणूस परत पाठवला जाण्याची भीती होती. पण खिसा रिकामा आणि हातापायात बळ नाही असं दिसलं, तर हा सरकारवर भार होईल म्हणूनही परत पाठवत. म्हणजे नोकरी मिळण्यासारखा माणूस हवा, पण मिळालेली नको. या चिंचोळ्या वाटेतून एलिस बेटावरून लक्षावधी युरोपीय आत गेले.

आपल्या लोकांना ती वाटही फार काळ राहिली नाही. १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्या मजुरांना दार बंद झालं. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, कायद्याच्या अर्थाने हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असा निकाल लागला. १९४६ साली दार किलकिलं झालं : वर्षाला १०० हिंदी माणसं.

मग १९५२ साल आलं. माझ्या दृष्टीने या इतिहासाचा सांधा इथे आहे. त्या वर्षीच्या नव्या कायद्याने १८८५ची करारबंदी रद्द केली, आणि त्याच कायद्याने ‘एच-१’ नावाचा तात्पुरता वर्ग निर्माण केला. त्यात येणाऱ्याने विशेष गुणवत्तेचं, तात्पुरतं काम करायचं, त्याचं घर परदेशात असलं पाहिजे आणि ते सोडण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे. अर्ज कुणी करायचा? मालकाने. सत्तर वर्षांपूर्वी ज्या करारामुळे माणूस परत जात असे, तो करार आता आत येण्याचा परवाना झाला. प्रश्न जवळजवळ तोच राहिला, बरोबर उत्तर मात्र उलटं झालं.

तरी त्यानंतर बराच काळ आपल्या लोकांना या ओळीची झळ फारशी लागली नाही. १९६५ साली देशवार जुने कोटे गेले आणि भारतातले अनेक डॉक्टर, इंजिनिअर थेट कायमच्या रहिवासाचा परवाना घेऊन गेले. त्या पिढीतले काका आजही म्हणतात, “आमच्या वेळी असं काही लिहावं लागत नव्हतं.” ते खरंच आहे. त्यांच्या हातात ग्रीन कार्ड होतं. भाचीची अडचण त्यांना धीटपणाच्या अभावासारखी वाटते, पण दोघांच्या मध्ये कायदा बदललेला असतो.

परदेशी नागरिक आहे म्हणून नोकरी नाकारता येते का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७३ साली आला. सेसिलिया एस्पिनोझा ही मेक्सिकन नागरिक, सॅन अँटोनिओत कायदेशीरपणे कायम राहणारी. फारा नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात तिने शिवणकामासाठी अर्ज केला. फक्त अमेरिकन नागरिक घेतो, असं सांगून तिला नाकारलं. १९६४च्या नागरी हक्क कायद्यात मूळ देशावरून भेदभावाला बंदी होती. न्यायालयाने मात्र म्हटलं की मूळ देश वेगळा आणि नागरिकत्व वेगळं. त्या कारखान्याच्या तिथल्या शाखेत ९६ टक्क्यांहून अधिक कामगार मेक्सिकन वंशाचेच होते, तेव्हा मेक्सिकन म्हणून तिला नाकारलं असं म्हणता येत नाही. ती हरली.

१९८६च्या कायद्याने या निकालातली पोकळी अर्धी भरली. तोवर परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं म्हणून मालकाला शिक्षा नव्हती. आता प्रत्येक मालकाने प्रत्येक नव्या नोकराचे कागद तपासायचे, असा नियम झाला. त्या भीतीने मालक परदेशी चेहरे टाळतील, म्हणून सोबत भेदभावविरोधी कलमही आलं. नागरिकत्वावरून होणाऱ्या भेदभावापासून त्याने संरक्षण दिलं ते नागरिक, कायम रहिवासी, निर्वासित अशांना. तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस त्या यादीत नाही. म्हणून ‘प्रायोजक व्हावं लागेल का?’ असं मालक विचारू शकतो, आणि ‘हो’ म्हटल्यावर कायदेशीरपणे नाकारूही शकतो. उलट ‘फक्त एच-१बीवाले हवेत’ अशी जाहिरात दिली, तर तो कायद्याचा भंग ठरतो. भाचीला छळणारे ते दोन प्रश्न या कलमाच्या सावलीत वाढले.

१९९०च्या कायद्याने आजचा एच-१बी घडवला : वर्षाला ६५ हजारांची मर्यादा, जास्तीत जास्त सहा वर्षं, आणि ‘परत जाण्याचा इरादा’ दाखवण्याच्या अटीतून सुटका. तात्पुरता राहूनही कायमचा होण्याची इच्छा उघडपणे धरता येऊ लागली. पण ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा राहिली आणि भारतीयांची रांग पुढे दशकांत मोजावी लागली. शब्द ‘तात्पुरता’ राहिला, माणसं त्यात म्हातारी होऊ लागली.

आता माझी गोष्ट. १९९८ साली पुण्याहून मी प्रोग्रॅमर म्हणून न्यू जर्सीत गेले. ज्या कंपनीने नेलं, ती दुसऱ्यांकडे माणसं पाठवून पैसे मिळवणारी होती. वर्षभरात थेट एखाद्या चांगल्या ठिकाणी जावं असं वाटू लागलं. बायोडेटा केला. व्हिसाबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. काम पाहून घेतील, मग सांगू, असा हिशेब. दोन मुलाखती उत्तम झाल्या. तिसऱ्या वेळी साहेबांनी विचारलं, “कधीपासून येता?” मी म्हटलं, “तुम्ही अर्ज करून मंजुरी आली की.” ते गडबडले. दोन दिवसांनी मनुष्यबळ विभागातल्या बाईंचा फोन : या वर्षीचे व्हिसा संपले असं पेपरात आलंय, आम्हाला जमणार नाही.

बातमी खरी होती. तेव्हा मर्यादा तात्पुरती १ लाख १५ हजारांवर नेली होती, तरी जून १९९९मध्येच कोटा भरला होता. पण तो कोटा नव्याने येणाऱ्यांचा. मी आधीच मोजली गेले होते. त्यांना फक्त मालक बदलल्याचा अर्ज करायचा होता. मी हे फोनवर सांगू लागले, तोवर बाईंच्या आवाजात संशय आला होता. आधी का नाही सांगितलंत? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खोटं बोलले नव्हते, पण ज्या ओळीने माझी बाजू मांडली असती, ती ओळ मीच गाळली होती. मोकळी जागा त्यांनी पेपरातल्या बातमीने भरली.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०००मध्ये, नियम सैल झाला. नव्या मालकाने अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता रुजू होता येऊ लागलं. पण २००१च्या मंदीत कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि नोकरी गेली की कायदेशीर मुक्कामही संपे. साठ दिवसांची सवलत नियमात आली ती थेट २०१७ साली. मी २००२ला परत आले.

हे सगळं मी भाचीला पुढच्या रविवारी सांगितलं. “म्हणजे लिहू?” तिने विचारलं.

“कोण आहेस ते लिहू नकोस,” मी म्हटलं. “काय करता येतं आणि कधीपर्यंत, ते लिही.” ‘विद्यार्थी व्हिसा’ एवढंच लिहिलं, तर वाचणारा पुढचं मनाने रचतो. तिच्याकडे शिक्षणानंतरची १२ महिन्यांची कामाची परवानगी होती. विषय विज्ञान-तंत्रज्ञानाचा असल्याने आणखी २४ महिने मिळण्याजोगे होते. म्हणजे कंपनीला तीन वर्षं व्हिसाचा अर्ज करावाच लागेल असं नव्हतं. हे मालकाला आपणहून ठाऊक असेल, असं धरून चालता येत नाही. माझ्या बाईंना नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’च म्हणायचं, यावर मी ठाम होते. प्रश्नात ‘पुढे कधी’ हे शब्द आहेत. आज गरज नाही म्हणून ‘नाही’ लिहिणं म्हणजे तेवढे शब्द न वाचल्यासारखं करणं. ते खोटं ठरतं आणि नंतर नोकरीवरून काढायला पुरेसं कारण होतं. त्या ‘हो’ने काही दारं बंद होतील, हेही मी तिला सांगितलं. ती दारं तिच्या लायकीवर बंद झालेली नसतील, पण बंद झालेलीच असतील. याचं दुःख करू नये असं मी म्हणणार नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जामागे १ लाख डॉलर भरण्याची घोषणा केली. आधीच त्या व्हिसावर असलेल्यांना ते लागू नाही, असा खुलासा दुसऱ्याच दिवशी करावा लागला. त्या रात्री तिथल्या मराठी घरांतून किती फोन इकडे आले असतील! मला मात्र १९९९ आठवलं. पेपरातली बातमी पुन्हा एकदा सगळ्यांना एकाच मापाने मोजणार होती, आणि आपण त्यातले कोण, हे ज्याचं त्याने लिहून सांगायचं होतं.

भाचीने बायोडेटाच्या वरच्या भागात, पत्त्याखाली, दीड ओळ घातली : कामाची परवानगी अमुक तारखेपर्यंत, २४ महिने वाढ शक्य, त्यानंतर प्रायोजकाची गरज. बावीस ठिकाणी अर्ज गेले. बऱ्याच ठिकाणांहून काहीच आलं नाही. तिघांनी बोलावलं आणि त्या तिन्ही ठिकाणी व्हिसाचा विषय कुणी काढला नाही. ते आधीच वाचून आले होते. मुलाखतीत तिला फक्त तिच्या कामाबद्दल विचारलं.