गादी कोणाची आणि गल्ला कोणाचा?

नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी रुळांची गाडी ही आपल्या कर्जत तालुक्याची शोभा आहे. ती कोणी बांधली असे विचारले, तर दहांतले आठजण "इंग्रजांनी" म्हणून मोकळे होतात. वस्तुस्थिती अशी की, ती मुंबईचे बोहरी शेठ सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली. १९०४ साली काम सुरू झाले, शेठजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ते अंगावर घेतले, १६ लाख रुपये खर्ची पडले आणि मार्च १९०७ मध्ये सुमारे २० किलोमीटरचा तो वळणावळणाचा मार्ग वाहतुकीस खुला झाला. डोंगर फोडणाऱ्या मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. हे आम्ही बोललो नाही तर आमच्या संघटनेतली मंडळी आम्हांस विचारतील, म्हणून बोलून ठेवतो.

सर आदमजींनी फौजेला तंबू पुरवून पैसा मिळविला, धारावीत कातड्याचा मोठा कारखाना चालविला. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ झाले, १९०७ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला, १९१३ साली ते वारले. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९१७ साली, या घराण्याचे नाव मुंबईच्या हायकोर्टात अगदी निराळ्या कारणाने गाजू लागले. धर्मगुरूच्या गादीचा वारस खरा कोणता, हा तो प्रश्न. आज आम्ही आपल्यापुढे जे मांडणार आहोत ते हेच.

आमचे शिक्षण काही कॉलेजात झालेले नाही. कारखान्याचा भोंगा झाला की वाचनालयाची पायरी चढायची, अशा रीतीने जे वाचले तेच आमचे भांडवल. पण गादीचे तंटे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला, ही गोष्ट आपल्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तेथे निदान वंश, तलवार आणि किल्ले तरी होते. धर्मगादीच्या तंट्यात पुरावा कशाचा द्यायचा?

कर्जत-खोपोलीच्या बाजारात खिळेमोळे, काच, रंग घ्यायला आपण बोहऱ्याच्या दुकानी जातो. त्यांच्या घरातल्या श्रद्धेविषयी सहसा विचारीत नाही. दाऊदी बोहरा हे इस्माइली शिया. त्यांची श्रद्धा अशी की, २१वे इमाम तय्यब हे बाराव्या शतकात गुप्त झाले, त्यांचा वंश गुप्तपणे चालू आहे, आणि त्यांच्या वतीने जमातीचा कारभार 'दाई' पाहतो. दाईने आपल्या हयातीत पुढचा दाई नेमायचा. या नेमणुकीला 'नस' म्हणतात. निवडणूक नाही, थोरल्या मुलाचाच हक्क असाही नियम नाही. नस झाली की ती निर्णायक. आणि प्रत्येक बोहऱ्याने वयात आल्यावर दाईशी निष्ठेची शपथ घ्यायची, ती 'मिसाक'.

आता पाहा, सारा डोलारा एका मनुष्याच्या एका वाक्यावर उभा. ते वाक्य कोणी ऐकलेच नसेल तर? किंवा दोघांनी दोन तऱ्हेने ऐकले असेल तर? सोळाव्या शतकाच्या अखेरीस तसेच घडले. २६वे दाई वारले तेव्हा हिंदुस्थानात दाऊद बिन कुतुबशाह गादीवर आले, तर सुलेमान बिन हसन यांनी नस आपल्या नावाची असल्याचे सांगितले आणि येमेनमधली मंडळी बहुतेक त्यांच्यामागे गेली. तंटा अकबर बादशहाच्या दरबारापर्यंत पोहोचला. तरी जमात दुभंगायची ती दुभंगलीच: एक दाऊदी, दुसरे सुलेमानी. १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी सुलेमानी, आणि लहानपणी आपल्याच जिल्ह्यात किहीमला पाखरांच्या मागे हिंडणारे सालिम अली हेही सुलेमानी. जुन्या तंट्याची फळे अशी कधीकधी गोडही निघतात.

खरी गाठ पडली ती १८४० साली. ४६वे दाई मोहम्मद बद्रुद्दीन सुरतेस अचानक वारले. त्यांनी अब्दुल कादिर नजमुद्दीन यांच्यावर नस केली होती, असे गादीचे म्हणणे. काही विद्वानांचे म्हणणे असे की, नस झालीच नाही. जमात फुटू नये म्हणून नजमुद्दीन यांना केवळ व्यवस्थापक म्हणून मान्य केले गेले. नजमुद्दीन यांनी १८८५ पर्यंत कारभार केला. त्यांच्यामागून एकेक दाई होत गेले. ही कुजबुज मात्र पिढ्यान्‌पिढ्या विझली नाही.

कुजबुजीचा खटला झाला तो पैशामुळे. मुंबईत शेठ चांदाभाई यांची कबर आहे. तेथे भाविक नवस करून गल्ल्यात पैसे टाकीत. या गल्ल्याचा हिशेब कोणी द्यायचा? १९१५ साली गादीवर आलेले ५१वे दाई ताहेर सैफुद्दीन यांच्या बाजूने असे मांडले गेले की, गुप्त इमामाचे प्रतिनिधी म्हणून जमातीच्या मालमत्तेवर दाईंची सत्ता संपूर्ण आहे, ते कोणाला हिशेब देणे लागत नाहीत. सर आदमजींच्या मुलांना हे पटले नाही. त्यांच्या सांगण्यावरून अ‍ॅडव्होकेट जनरलनी १९१७ साली दावा दाखल केला, आणि त्यात हिशेबाच्या मागणीबरोबर १८४० चा प्रश्नही उकरून निघाला. ४७व्यांची नस खोटी ठरली तर ४८वे, ४९वे, ५०वे आणि ५१वे या साऱ्यांच्याच पायाखालची जमीन सरकणार होती. नेरळची रेल्वे बांधणाऱ्या घराण्यातली माणसे आपल्याच धर्मगुरूची साखळी सुरुवातीच्या कडीपासून तपासा म्हणून कोर्टात उभी राहिली! भर बाजारपेठेत धंदा करणाऱ्याने, ज्याची लग्ने-मयते जमातीत व्हायची त्याने, असे करणे म्हणजे काय, हे वाळीत टाकलेला माणूस ज्याने पाहिला आहे त्यालाच कळेल.

न्यायमूर्ती मार्टेन यांनी १९२१ साली निकाल दिला. तो मोठा मासलेवाईक आहे. गादीच्या प्रश्नावर दाई जिंकले: ४७व्या दाईंवर नस झाली होती, सबब ताहेर सैफुद्दीन हेच खरे दाई. परंतु मशीद, कबर आणि गल्ला हे धर्मादाय विश्वस्त निधी आहेत आणि त्यांच्याबाबत दाई हिशेबाला बांधलेले आहेत, असेही न्यायमूर्तींनी ठरविले. म्हणजे गादी तुमची, पण गल्ला तुमच्या खाजगी मालकीचा नाही. आमच्या मते या खटल्यात वादी हरले असे जे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. कायद्याप्रमाणे नोंदलेल्या प्रत्येक कामगार संघटनेला दरसाल आपल्या जमाखर्चाचा तपशील सरकारी निबंधकाकडे धाडावा लागतो. पुढारी कितीही त्यागी असो, पावतीपुस्तक त्याच्या बापाचे नव्हे. संघटनेचा जुना पुढारी गेला की पहिल्या आठवड्यात भांडण होते ते खुर्चीवरून होत असल्याचे भासते. आम्ही तीस वर्षांत पाहिले आहे की, खाली उतरून बघावे तर ते कपाटाच्या किल्लीवरून असते.

याच १९२१ सालच्या नोव्हेंबरात तिकडे हैफा येथे बहाई पंथाचे अब्दुल बहा वारले. या पंथाचाही मुंबईशी जुना संबंध. पंथाचे संस्थापक बहाउल्ला यांचे ग्रंथ त्यांच्या हयातीतच मुंबईत छापले गेले. बहाउल्लांनी वारस लेखी नेमला होता, तरी १८९२ साली ते वारल्यावर अब्दुल बहा आणि त्यांचे सावत्र भाऊ मोहम्मद अली यांच्यात वाकडे आलेच. अब्दुल बहांनी आपला नातू शोघी एफेंदी यास मृत्युपत्राने नेमले. आणि हे शोघी १९५७ साली लंडनमध्ये वारले तेव्हा त्यांना मूलही नव्हते, मृत्युपत्रही सापडले नाही. १९६० साली मेसन रीमी या ज्येष्ठ अमेरिकन अनुयायाने 'पुढचा पालक मी' असे जाहीर केले. त्यास पंथाबाहेर काढण्यात आले. १९६३ साली ५६ देशीय मंडळांच्या सभासदांनी मतदान करून नऊजणांचे 'विश्व न्याय मंदिर' निवडले. एका माणसाची गादी संपून तिच्या जागी निवडलेले मंडळ आले. आम्हांस ही वाट अधिक पटते, हे आम्ही लपवीत नाही. दाईला इमामाचा प्रतिनिधी मानणाऱ्याला मात्र मतपेटी म्हणजे थट्टाच वाटेल, आणि त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर ते समजण्यासारखे आहे.

इकडे जमातीतला झगडा बहिष्कारावर येऊन ठेपला. १९४९ साली मुंबई विधिमंडळाने जातीबाहेर घालण्याच्या प्रथेला बंदी करणारा कायदा केला. ताहेर सैफुद्दीन सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६२ साली तो कायदा घटनाबाह्य ठरला. बहिष्कृतांची गाऱ्हाणी पुढे नाथवानी समितीने ऐकली, असगर अली इंजिनिअरांनी जन्मभर वेशीवर टांगली.

५२वे दाई मोहम्मद बुऱ्हाणुद्दीन १७ जानेवारी २०१४ रोजी मुंबईत वारले. दुसऱ्या दिवशी पहाटे अंत्यदर्शनाच्या गर्दीत मलबार हिलवर चेंगराचेंगरी होऊन १८ माणसे दगावली. आणि लगेच तोच जुना प्रश्न उभा राहिला. चिरंजीव मुफद्दल सैफुद्दीन यांच्यावर २०११ साली नस झाल्याचे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले आणि बहुसंख्य जमात त्यांच्यामागे राहिली. दिवंगत दाईंचे सावत्र बंधू खुजैमा कुतबुद्दीन, जे जवळजवळ पन्नास वर्षे 'माझून' म्हणजे दाईंच्या खालोखालचे अधिकारी होते, त्यांचे म्हणणे असे की, १९६५ साली दाईंनी एकांतात आपल्यावर नस केली आणि ती गुप्त ठेवावयास सांगितली.

आज्ञा पाळून पन्नास वर्षे तोंड बंद ठेवले, हेच ज्याच्या दाव्याचे मर्म, त्याने साक्षीदार आणायचा कोठून? प्रश्न हास्यास्पद मुळीच नाही. ज्या पंथाचा इमामच गुप्त आहे, त्यात गुप्त नेमणूक अशक्य कशी म्हणावी? पण कोर्टाचा तराजू निराळा. २३ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी १९६५ ची नस सिद्ध झाली नाही म्हणून दावा फेटाळला, आणि आपण पुराव्याचा निर्णय केला आहे, श्रद्धेचा नव्हे, असा खुलासाही केला. दावा लावणारे खुजैमा कुतबुद्दीन २०१६ सालीच अमेरिकेत वारले होते. वादी म्हणून त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव ताहेर फख्रुद्दीन उभे होते, तेही वडिलांनी आपल्यावर नस केली असे सांगूनच.