स्टीअरिंग, गव्हर्नर आणि आपलं सुकाणू

माझा पीएचडीचा विषय कंट्रोल सिस्टिम्स. 'कंट्रोल' म्हटलं की आपल्याला हुकूम आठवतो, पण या विषयाची शब्दसंपत्ती आली आहे ती थेट जहाजावरून.

'स्टीअर' हा शब्द आधी घेऊ. गाडीचं स्टीअरिंग फार अलीकडचं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं नातं जहाज वळवायच्या वल्ह्याशी होतं. हे वल्हं बहुधा उजव्या बाजूला बांधलेलं असायचं, म्हणून जहाजाची उजवी बाजू झाली 'स्टारबोर्ड'. ताऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही! बैल या अर्थाचा 'स्टीअर' हाही वेगळाच शब्द, उच्चार तेवढा सारखा.

दुसरा धागा ग्रीक. ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा तो 'किबर्नेटेस'. लॅटिनमध्ये त्याचं 'गुबेर्नारे' झालं आणि त्यातून इंग्रजीत 'गव्हर्न', 'गव्हर्नर', 'गव्हर्नमेंट' आले. म्हणजे सरकार हा मुळात नावाड्याचा धंदा.

1788 मध्ये जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर जोडला. वेग वाढला की त्याचे दोन फिरते गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफ कमी होते. वेग घटला की याच्या उलट. कल्पना सोपी, पण काही यंत्रांत दुरुस्तीच जास्त व्हायची आणि वेग सतत वरखाली होत राहायचा. असं का होतं आणि यंत्र स्थिर कधी राहतं, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 मध्ये 'ऑन गव्हर्नर्स' या निबंधात मांडलं. पुढे 1948 मध्ये नॉर्बर्ट वीनरने नव्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' हे नाव दिलं, ते याच निबंधाची आठवण ठेवून, त्याच ग्रीक नावाड्यावरून. आजचं 'सायबर' हा त्याचाच तुकडा.

आता आपल्याकडे बघा. 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आलं. समुद्री व्यापारातून आलेला हा शब्द कोकण किनाऱ्यावर रुळला. इंग्रजांच्या जहाजांवर सुकाणू धरणाऱ्या हिंदी खलाशाला 'सीकनी' म्हणत, तोही याच मुळातला. आणि 'स्टीअरिंग कमिटी'साठी आपण सहज 'सुकाणू समिती' म्हणतो. जहाजावरून कारभारात यायचा प्रवास मराठीतही झालाच!

मला यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. सुकाणूवरचा माणूस समुद्राला हुकूम देत नाही. जहाज किती भरकटलं ते बघतो, थोडं वळवतो, परत बघतो. आम्ही यालाच फीडबॅक म्हणतो. बघणं थांबलं, किंवा घाबरून एकदम जोरात वळवलं, तर नुकसान जहाजाचंच. 'गव्हर्न'चा अर्थ पुढे 'सत्ता चालवणं' एवढाच उरला आणि त्यातलं हे 'परत बघणं' मात्र गळून पडलं. यंत्र असो की समिती, ते गळून चालत नाही.