खर्ज हरवला, त्या रविवारचा घटनाक्रम

21 जुलै 2024, गुरुपौर्णिमा. आईच्या गाण्याच्या वर्गातल्या परदेशी गेलेल्या मुली रात्री साडेआठला कॉलवर जमणार होत्या. एडिसनला तेव्हा सकाळचे अकरा, लंडनला दुपारचे चार. आई अर्धा तास गाणार, मग मुली. संगणकाचं खातं माझ्याकडे.

दुपारी 2:00. साडेसहा तास बाकी
चाचणीचा कॉल भाच्याला. "मामा, विहिरीत उतरलाय का?" लॅपटॉप टीपॉयवर, आई चार फुटांवर, खोलीत उघडी फरशी. माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. भिंतींवरून परतणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून विहीर. सतरंजी अंथरली, लॅपटॉप जवळ ओढला, विहीर आटली. इथेच थांबायला हवं होतं.

दुपारी 4:00. साडेचार तास
मला सुचलं, माझे ब्लूटूथ हेडफोन आईला लावू. गाणी झकास वाजली. कॉल लावला आणि दोन्हीकडचा आवाज ट्रंक कॉलच्या काळातला झाला. हेडफोन बिघडले म्हणून मी ते तीनदा चालू-बंद केले. बिघाड नव्हताच. नुसतं ऐकायचं असतं तेव्हा ब्लूटूथ चांगल्या प्रतीचा स्टिरिओ आवाज पाठवतं. त्याच हेडफोनचा माइक उघडला की संगणक बहुधा दुसऱ्या, बोलण्यापुरत्या पद्धतीवर जातो. तिच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतले जातात, सुधारित प्रकारात 16,000. सीडीत 44,100 असतात. गाणं या बोळातून जाईल कसं? उपाय एका क्लिकचा: ऐकायला हेडफोन ठेवायचे आणि सेटिंग्जमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडायचा. केलं. पण कान झाकून आईला गाता येईना. "माझाच सूर मला परका लागतोय रे." हेडफोन बाजूला.

संध्याकाळी 5:30. तीन तास
शेजारच्या काकांचा कॉलर माइक. पिनेवर दोन काळ्या पट्ट्या. लॅपटॉपच्या एकत्र सॉकेटला माइकसाठी तीन पट्ट्यांची पिन लागते; दोनवाली खोचली की तो तिला हेडफोन समजतो. कन्व्हर्टर मिळतो, पण रविवारी कोपऱ्यावरचं दुकान बंद.

संध्याकाळी 6:15. सव्वादोन तास
भाचा स्वतःचा यूएसबी माइक घेऊन आला. विंडोजमध्ये निवडला, तरी पलीकडे पुन्हा विहीर. पाऊण तास आम्ही तो माइक पुढे-मागे सरकवत बसलो आणि संगणक सगळा वेळ लॅपटॉपच्याच माइकने ऐकत होता. कॉलच्या ॲपात माइक वेगळा निवडावा लागतो, हे त्या पाऊण तासात कुणालाच आठवलं नाही. खरा कान कोणता, हे नखाने कळतं: माइकवर टिकटिक करायची आणि पडद्यावरची पट्टी हलते का ते बघायचं.

संध्याकाळी 7:40. पन्नास मिनिटं
पाऊस. बाल्कनीवरच्या पत्र्यावर ताशा सुरू झाला. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, तरी भागेना. मग मी ॲपात गोंगाट कमी करण्याची सोय शोधली आणि ती आपोआपवरून थेट तीव्रवर नेली.

रात्री 8:10. वीस मिनिटं
"हॅलो, हॅलो, एक दोन तीन." भाचा घरी पोचला होता, तिथून म्हणाला, "मामा, पाऊस गायब! एकदम स्टुडिओ." मी खूश. आईने गाऊन बघते म्हटलं, तर मीच म्हणालो, "राहू दे, घसा जप."

रात्री 8:30
नमस्कार-चमत्कार स्वच्छ ऐकू गेले. आईने इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला, डोळे मिटले आणि मियाँ मल्हारचा मंद्रातला आलाप सुरू केला.

8:33. चॅटमध्ये पहिला निरोप: "ताई, तानपुरा चालू करायचा राहिलाय."
8:35. "ताई, आवाज येत नाहीये." "ताई म्यूट आहेत का?"

म्यूट कोणीच नव्हतं. गोंगाट काढणारी ती सोय माणसाचं बोलणं ओळखून राखते. एकसारखं, न तुटता चालणारं जे काही असेल ते पंखा किंवा पाऊस समजून पुसते. तानपुरा एकसारखाच वाजतो. खर्जात लांबवलेला षड्जही तसाच. पलीकडे पोचत होते ते मधले तुकडे, एखादा शब्द, एखादं खाकरणं. आईने ज्या निषादावर श्वास रोखून मुक्काम केला, तिथे एडिसनला शुद्ध शांतता होती.

8:52. आईने डोळे उघडले. पडद्यावर अकरा चेहरे, सगळे अवघडलेले. "कसं वाटलं?" कोणीतरी म्हणालं, "छान, ताई."

दोष यंत्राचा नव्हे. दिवसभर आम्ही गाण्यासाठी लावलेला माइक "हॅलो" म्हणून तपासत होतो, आणि हे माझं डोकं.

संगीतासाठी आवाजावर काही प्रक्रिया न करता तो जसाच्या तसा पाठवण्याची सोय त्याच ॲपात, तीन ओळी खाली होती. पुढच्या रविवारी ती लावली, आणि मल्हारासोबत पत्र्यावरचा पाऊसही लंडनला पोचला. आईने तेव्हापासून क्रम बदलला आहे: कॉल लागला की आधी खर्ज, मग नमस्कार.